योजनेच्या खिडकीपासून वर्गापर्यंत: सामाजिक धोरणाचे अभ्यासक-प्राध्यापक कसे व्हाल

२०२४ च्या जूनअखेरीस ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचा शासन निर्णय निघाला आणि सेतू केंद्रांपुढे बायकांच्या रांगा लागल्या. उत्पन्नाचा दाखला हवा, अधिवासाचा दाखला हवा. काही दिवसांतच सरकारने अटी सैल केल्या. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखला नको, अधिवासाऐवजी पंधरा वर्षांपूर्वीचं रेशनकार्ड किंवा मतदार ओळखपत्र चालेल, पाच एकर जमिनीची अट रद्द, वयोमर्यादा ६० वरून ६५. वर्तमानपत्रांसाठी तो निवडणुकीचा विषय होता. मला मात्र त्यात पूर्ण सत्राचा अभ्यासक्रम दिसत होता. पात्रता कोण ठरवतं? कागद नसल्यामुळे कोण गळतं? महिना १,५०० रुपये हातात आल्यावर घरात काय बदलतं? आणि हे पैसे कुठल्या दुसऱ्या खर्चाला कात्री लावून येतात?

हे प्रश्न पडल्यावर तुम्हाला झोप लागत नसेल तर पुढचं वाचा. प्राध्यापकी म्हणजे ‘सेटल’ होण्याचा सोपा मार्ग असं वाटत असेल तर नोकरीविषयीचा भाग आधी वाचा आणि मग ठरवा.

हा विषय कोणत्या पाटीखाली सापडतो

महाराष्ट्रातल्या बहुतेक विद्यापीठांत ‘सामाजिक धोरण विभाग’ अशी पाटी दिसणार नाही. ब्रिटनमध्ये हा स्वतंत्र विषय आहे. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये १९१२ साली गरिबीच्या अभ्यासासाठी पैसा दिला तो मुंबईच्या सर रतन टाटांनी. तिथेच क्लेमंट अ‍ॅटली व्याख्याते होते, पुढे ते पंतप्रधान झाले आणि त्यांच्याच सरकारने तिथली राष्ट्रीय आरोग्य सेवा उभी केली. १९५० साली रिचर्ड टिटमस तिथे या विषयाचे प्राध्यापक झाले आणि विषयाला चेहरा मिळाला.

आपल्याकडे हाच अभ्यास दोन वेगळ्या घरांत वाढला. एक घर समाजकार्याचं: १९३६ साली टाटांच्याच न्यासातून मुंबईत सुरू झालेली समाजकार्याची शाळा, जिला आज आपण ‘टिस’, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस, म्हणतो. दुसरं घर अर्थशास्त्राचं: १९३० साली पुण्यात निघालेली गोखले संस्था. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातल्या दारिद्र्याची जी मोजदाद मांडली, ती याच घरातली. या दोन घरांत बोलणं फारसं नव्हतं. समाजकार्यवाले आकड्यांना बिचकत आणि अर्थशास्त्रवाले वस्तीत जायला. ती भिंत अजून पुरती पडलेली नाही, आणि नव्या अभ्यासकाला खरी जागा तिथेच आहे.

त्यामुळे एम.ए. कशात करायचं हा पहिला निर्णय आवडीपुरता राहत नाही. पुढे नोकरीची जाहिरात येते ती ‘सहायक प्राध्यापक, समाजशास्त्र’ किंवा ‘अर्थशास्त्र’ किंवा ‘समाजकार्य’ अशी. तुमची पदवी ‘विकास अभ्यास’ किंवा ‘सार्वजनिक धोरण’ या नावाची असेल, तर छाननी समितीत कुणीतरी चष्मा वर करून विचारणारच, “हा संबंधित विषय धरायचा का?” नियमात संलग्न विषयाला जागा आहे, पण छाननीच्या टेबलावर नियमाचा अर्थ अरुंद होत जातो. माझ्याबरोबरचे दोन हुशार मित्र याच टेबलावर अडले.

माझा सल्ला असा. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयात किंवा विद्यापीठात शिकवायचं असेल तर जुन्या, रुळलेल्या नावाच्या विषयात एम.ए. करा आणि धोरणाचा अभ्यास वैकल्पिक विषयांतून, प्रबंधातून करा. आकड्यांची भीती नसेल तर अर्थशास्त्र घ्या, त्याची दारं सर्वात जास्त. माणसांत रमत असाल तर समाजकार्य: टिस, मुंबईचं निर्मला निकेतन, पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था, नागपूरची मातृसेवा संघाची संस्था. तिथलं क्षेत्रकार्य दुसऱ्या कुठल्या एम.ए.त मिळत नाही. गावाकडचे प्रश्न हाताळायचे असतील तर टिसचं तुळजापूर आवार विसरू नका. संशोधन संस्थांत किंवा राज्याबाहेर जायची तयारी असेल तर मात्र नावाची चिंता सोडा. बंगळुरूचं अझीम प्रेमजी विद्यापीठ, तिरुवनंतपुरमचं सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज, दिल्लीची शिक्षण नियोजनाची ‘नीपा’, गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था, ही सगळी ठिकाणं तुमच्यासाठी आहेत.

नेट आणि सेट: लवकर उरका

प्राध्यापकपदासाठीच्या या पात्रता परीक्षांवर फार लिहिणार नाही, कारण बाजारात यासाठी क्लासेसची कमतरता नाही. दोन पेपर: पहिला सगळ्यांना समान, ५० प्रश्न, १०० गुण. दुसरा तुमच्या विषयाचा, १०० प्रश्न, २०० गुण. एकूण तीन तास, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नका. एम.ए.ला ५५ टक्के लागतात, आरक्षित प्रवर्गांना ५०. सहायक प्राध्यापकपदासाठी वयाची अट नाही. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीसाठी, म्हणजे जेआरएफसाठी, ३० वर्षांची आहे, आणि स्त्रिया व आरक्षित प्रवर्गांना त्यात सवलत आहे.

जेआरएफचा आग्रह धरा. २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये, वर घरभाडं. हे पैसे असले की पीएच.डी. करताना कुणापुढे हात पसरावा लागत नाही. २०२४ पासून नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशालाही धरले जातात, म्हणजे एकाच परीक्षेत दोन-तीन कामं होतात.

सेट ही महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची परीक्षा, पुणे विद्यापीठ घेतं. अनेक विषयांचे पेपर मराठीतही असतात. ज्यांचं शिक्षण मराठीत झालंय त्यांनी दोन्ही द्याव्यात. मात्र सेटचं प्रमाणपत्र या दोन राज्यांच्या हद्दीतच चालतं.

पेपर एक हलक्यात घेऊ नका. विषयात पक्की असलेली मुलं तर्क आणि आकडेमोडीच्या प्रश्नांत मार खातात.

पीएच.डी.चा विषय: इथे घाई नको

आपल्याकडच्या प्रबंधांची शीर्षकं एका साच्यातून निघतात. ‘ऊसतोड कामगारांच्या सामाजिक-आर्थिक स्थितीचा चिकित्सक अभ्यास: विशेष संदर्भ बीड जिल्हा’. शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यावर, जाऊन बघा, ‘विशेष संदर्भ’ असलेले प्रबंध मोजता मोजता चहा गार होईल. अशा विषयात अडचण ही, की त्यात प्रश्नच नसतो. स्थिती वाईट आहे हे घराबाहेर पडण्याआधीच ठाऊक असतं. तीनशे जणांकडून प्रश्नावली भरून घेतली, टक्केवारी काढली, शेवटी ‘शासनाने लक्ष द्यावे’ अशा शिफारशी जोडल्या की संपलं.

आता त्याच ऊसफडात उभं राहून धोरणाचा प्रश्न विचारा. दिवाळीच्या आसपास जोडपी मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन निघतात. जोडपं म्हणजे एक कोयता. मागे राहिलेल्या मुलांची शाळा बुडू नये म्हणून हंगामी वसतिगृहं आहेत, २०२१ पासून संत भगवानबाबांच्या नावाची शासकीय वसतिगृह योजनाही आहे. मग प्रश्न असा होतो: वसतिगृहाच्या यादीत नाव असलेलं मूल जानेवारीत प्रत्यक्षात कुठे असतं? आजीकडे, वसतिगृहात, की फडावर कोपीत, म्हणजे मजुरांच्या झोपडीत, धाकट्या भावंडाला सांभाळत? आणि ते कुठे राहील हे कोण ठरवतं: आई, मुख्याध्यापक, मुकादम, की अनुदान कधी जमा होतं ती तारीख? याचं उत्तर आधी कुणाला माहीत नाही. ते शोधायला हजेरीपट, शासन निर्णय, बँकेतल्या नोंदी आणि माणसं असं चौघांकडेही जावं लागतं.

विषय निवडताना मी विद्यार्थ्यांना तीन गोष्टी तपासायला सांगतो. तुमच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं येऊ शकतं का? येऊ शकत नसेल तर तो प्रश्न नव्हे, घोषणा. दुसरं, त्या खिडकीपाशी, म्हणजे जिथे योजना माणसाच्या हातात पडते त्या जागी, तुम्ही वर्षभर जाऊ शकता का? घरापासून चारशे किलोमीटरवरचा जिल्हा कागदावर छान दिसतो, एसटीच्या भाड्यात त्याची हौस फिटते. तिसरं, पाच वर्षांनी योजनेचं नाव बदललं तरी तुमचा प्रश्न जिवंत राहील का? योजनांची नावं सरकारं बदलतात. यादीत नाव नसलेलं मूल मात्र यादीबाहेरच राहतं.

मार्गदर्शक निवडताना त्यांची पुस्तकं नंतर बघा, आधी त्यांचे सध्याचे विद्यार्थी गाठा. कॅन्टीनमध्ये चहा पाजा आणि एकच विचारा, “सर मसुदा किती दिवसांत वाचून देतात?” उत्तर देण्याआधी ती मुलं एकमेकांकडे बघून हसली, तर समजा. नियमानुसार सहायक प्राध्यापकाकडे चार, सहयोगीकडे सहा आणि प्राध्यापकाकडे आठ विद्यार्थी असू शकतात. जागा रिकामी आहे का हे आधीच विचारून ठेवा.

२०२२ च्या नियमांनी पीएच.डी.ला किमान तीन आणि कमाल सहा वर्षं दिली आहेत, वर दोन वर्षांची मुदतवाढ, स्त्रियांना आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना आणखी दोन. प्रबंध देण्याआधी शोधनिबंध छापण्याची सक्ती त्यांनी काढली. एम.फिल. बंद झालं. पैशांसाठी जेआरएफशिवाय भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेच्या अधिछात्रवृत्त्या आहेत. राज्यात बार्टी (अनुसूचित जाती), सारथी (मराठा-कुणबी) आणि महाज्योती (ओबीसी, भटके-विमुक्त) या सरकारी संस्थांच्या अधिछात्रवृत्त्यांवर कितीतरी घरांतली पहिली पीएच.डी. झाली आहे. या रकमा दर महिन्याला वेळेवर येतीलच असं गृहीत धरू नका, सहा महिन्यांच्या खर्चाची सोय हाताशी असू द्या.

शासन निर्णय वाचायला शिका

हे कुठल्याच अभ्यासक्रमात नीट शिकवत नाहीत, म्हणून इथे थांबतो.

शासन निर्णय, बोलीत जीआर, हा तुमचा मूळ दस्तऐवज. राज्य सरकारच्या संकेतस्थळावर विभागवार मिळतो आणि प्रत्येकाला संकेतांक असतो, तो टिपून ठेवा. लोक थेट ‘शासन निर्णय’ या शब्दाखालचा मजकूर वाचतात. तुम्ही त्याआधीची ‘वाचा’ ही यादी वाचा. तिथे या विषयावरचे मागचे सगळे निर्णय तारखेसह दिलेले असतात. तो धागा धरून मागे मागे गेलात की योजनेची वंशावळ हाती येते: कुठल्या वर्षी कोणती अट आली, कुणाचा समावेश झाला, कुणाला वगळलं. माझ्या एका विद्यार्थिनीचं अख्खं दुसरं प्रकरण अशा ‘वाचा’ यादीतून उभं राहिलं.

मग ‘लेखाशीर्ष’, म्हणजे खर्च अर्थसंकल्पातल्या कुठल्या खात्यातून होतो त्याचा क्रमांक, शोधा, शेवटाकडे कुठेतरी आकड्यांची माळ असते. तो आकडा घेऊन अर्थसंकल्पाची पुस्तकं उघडा आणि तीन रकमा शेजारी लिहा: मूळ तरतूद, सुधारित अंदाज, प्रत्यक्ष खर्च. घोषणेचा आणि हेतूचा फरक या तीन रकान्यांत दिसतो. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात खर्च फुगलेला दिसला तर तोही शोधच. त्यानंतर त्या योजनेवर सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगने काही म्हटलंय का ते बघा.

जे छापलेलं नाही ते माहितीच्या अधिकारात मागा. महाराष्ट्रातला नियम लक्षात ठेवा: अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, तीस दिवस थांबा, उत्तर आलं नाही तर पहिलं अपील करा. ‘योजनेची संपूर्ण माहिती द्यावी’ असं लिहिलंत तर उत्तर येईल, ‘माहिती व्यापक स्वरूपाची आहे’. त्याऐवजी नोंदवहीचं नाव, कार्यालय आणि महिना लिहा. कारकुनाला ती फाइल कुठल्या कपाटात आहे हे कळलं पाहिजे.

गावात जाताना

विद्यापीठाचं पत्र घेऊन आधी जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे जा, त्यांच्या शेऱ्याची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या, मग शाळेत. उलट्या क्रमाने गेलात तर मुख्याध्यापक घाबरतात आणि हजेरीपट ‘कपाटाची किल्ली नाही’ म्हणून बंद राहतो. पण साहेबांच्या गाडीत बसून गावात जाऊ नका. ज्या गाडीतून उतराल त्या गाडीची उत्तरं मिळतील.

मी पहिल्यांदा फडावर गेलो तेव्हा माझ्याकडे बारा पानी प्रश्नावली होती. सकाळी अकराची वेळ. मोळ्या बांधणाऱ्या एका बाईने घाम पुसत विचारलं, “भाऊ, ह्ये लिवून झाल्यावर आमाला काय मिळनार?” मी म्हणालो, “काही नाही.” ती म्हणाली, “मंग सांजच्याला या, आत्ता कामाचा खाडा व्हतोय.” संध्याकाळी कोपीपुढे चूल पेटली असताना गेलो आणि बारापैकी दोनच पानं विचारली. बाकीचं तिने न विचारता सांगितलं. त्या दिवसापासून प्रश्नावली चार पानांच्या वर जाऊ दिली नाही.

यातून दोन नियम घ्या. खोटं आश्वासन कधीही देऊ नका, ‘वर कळवतो’ हेही नाही. आणि मजुराचा कामाचा वेळ घेऊ नका. संमती सही घेऊनच घ्यावी असं नाही, बऱ्याच ठिकाणी सहीची भीती असते. तोंडी संमती दोन साक्षीदारांसमोर घेऊन नोंदवता येते. ही पद्धत नैतिकता समितीकडून आधीच मंजूर करून घ्या. उचलीची रक्कम, गर्भाशयाच्या शस्त्रक्रिया असे विषय निघाले तर गावाचं नाव बदलून भागत नाही. कारखान्याचं नाव आणि मुकादमाचा तपशीलही झाका, नाहीतर पुढच्या हंगामात त्या कुटुंबाला काम मिळत नाही. ऊसतोड महिलांच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळापर्यंत गेला आणि त्यावर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. त्यामागेही अशाच चुलीपुढच्या बोलण्याचं काम होतं.

अंगणवाडी सेविका, आशा, ग्रामसेवक, रेशन दुकानदार यांना ‘यंत्रणा’ म्हणून बाजूला टाकू नका. योजना राबते ती यांच्या हातांनी, आणि नियम कुठे वाकवावा लागतो हे त्यांनाच माहीत असतं.

आकडे

एक सॉफ्टवेअर नीट शिका. ‘आर’ फुकट आहे, तेच घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी २०१९–२१ ची आहे, ती करणारी लोकसंख्याशास्त्र संस्था देवनारला टिसच्या शेजारीच. या पाहणीची कच्ची माहिती नोंदणी करून विनामूल्य मिळते. श्रमशक्तीची नियमित पाहणी २०१७–१८ पासून आहे. घरखर्चाची पाहणी २०११–१२ नंतर थेट २०२२–२३ चीच प्रसिद्ध झाली, मधल्या दशकाबद्दल कुणी छातीठोक दारिद्र्याचा आकडा सांगितला तर तो कुठून आणला ते विचारा.

नवशिक्यांच्या नेहमीच्या चुका दोन. पहिली, भारांक, म्हणजे नमुन्यातलं एक घर किती घरांच्या वतीने बोलतं तो आकडा, न लावता टक्केवारी काढणं. दुसरी, जिल्ह्यापुरत्या नमुन्यातून तालुक्याचा निष्कर्ष. व्हायव्हाला, म्हणजे प्रबंधाच्या तोंडी परीक्षेला, बाहेरचे परीक्षक पहिलं बोट इथेच ठेवतात.

छापणं

इंग्रजीत लिहावंच लागतं. मुंबईतून १९६६ पासून निघणारं ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ हे या क्षेत्राचं चव्हाट्यावरचं पान आहे. तिथे परत आलेला लेखही टिपणासह आला तर लाभच. मराठीत ‘समाज प्रबोधन पत्रिका’सारखी नियतकालिकं आहेत, आणि वर्तमानपत्रांची संपादकीय पानं तर मंत्रालयात वाचली जातात. ज्यांच्यावर संशोधन केलं त्यांच्या भाषेत एकही ओळ न लिहिणारा अभ्यासक मला अर्धवट वाटतो, हे माझं मत.

‘४८ तासांत प्रकाशन, इम्पॅक्ट फॅक्टर ७’ अशा मेल येतील. पैसे भरून तिथे छापलेलं नंतर बायोडेटातून काढता येत नाही. यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी २०२५ च्या फेब्रुवारीत बंद झाली, त्यामुळे आता चांगलं-वाईट ओळखण्याची जबाबदारी तुमचीच आहे.

नोकरी: खरं काय ते

कायम सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० पासून सुरू होतं. या वाक्यातला अवघड शब्द ‘कायम’. बहुतेकांची सुरुवात तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर होते. जितके तास घेतले तितके पैसे, उन्हाळ्यात काही नाही, बिलं निघायला दिवाळी उजाडते. मी स्वतः काही वर्षं दोन गावांत एसटीने फिरून तास घेतले. एका संस्थेत मुलाखतीला गेलो, समितीने प्रबंधावर पाच मिनिटं विचारलं आणि मग कार्यालयात एकाने हळूच म्हटलं, “तुमची तयारी किती?” मी भाबडेपणाने सांगितलं, “अभ्यासक्रम पूर्ण वाचलाय.” तो हसला. तयारी दुसरी होती. मी उठून आलो, पण सगळ्यांनाच उठून येणं परवडत नाही हेही मला कळतं.

म्हणून आधीच ठरवा: सीएचबीवर किती वर्षं? तीनच्या वर जाऊ नका असं मी सांगतो. त्या काळात एखाद्या संशोधन प्रकल्पावर संशोधन सहायक म्हणून काम घ्या, अनुभवाचं पत्र नीट घ्या, वर्षाला एक तरी दमदार लेख काढा. जाहिराती बघताना बिंदुनामावलीतली, म्हणजे आरक्षणानुसार पदांच्या यादीतली, जागा कुठल्या प्रवर्गाची आहे आणि संस्थेला पदभरतीचं ना-हरकत पत्र मिळालंय का हे तपासा. तसं पत्र नसलेल्या जाहिरातीच्या मुलाखतीला जाणं म्हणजे फुकटचा प्रवास. राज्याबाहेरची खासगी विद्यापीठं, केंद्रीय संस्था, गडचिरोलीच्या ‘सर्च’सारख्या संशोधन करणाऱ्या स्वयंसेवी संस्था, इथेही अर्ज करा. ‘सर्च’ने घरच्या घरी नवजात बाळाच्या सेवेचा प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले आणि २०११ मध्ये देशभर आशांमार्फत तो कार्यक्रम सुरू झाला. असं काम प्राध्यापकाच्या पदावर बसूनच करता येतं असं नाही.

परदेशी जायचं असेल तर अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आणि केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती आहे. अर्जाची तयारी वर्षभर आधी सुरू करा. बाबासाहेब ज्या लंडन स्कूलमध्ये शिकले तिथे सामाजिक धोरणाचा स्वतंत्र विभाग आहे, आणि आपल्या रोजगार हमीवर, रेशनवर प्रबंध तिथूनही लिहिता येतो. फक्त परत येताना नेट-सेटचा कागद बरोबर ठेवा.

वर्गात

पहिल्या तासाला मी व्याख्या देत नाही. मुलांना घरचं रेशनकार्ड आणायला सांगतो आणि फळ्यावर दोन ओळी लिहितो. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो धान्य. अंत्योदय कुटुंबाला, माणसं कितीही असोत, ३५ किलो. मग विचारतो, गरिबातल्या गरिबासाठी असलेलं अंत्योदय कधी तोट्याचं ठरतं? दहा मिनिटांत कुणीतरी मागच्या बाकावरून ओरडतं: सात माणसांपर्यंत ठीक, आठवं जन्मलं की प्राधान्यवाल्याला ४० आणि अंत्योदयवाल्याला ३५. मग वाद सुरू होतो. मोजणी घरावर करायची की माणसावर? एकट्या म्हातारीला कुठलं बरं? पात्रता, लक्ष्यीकरण, समता हे सगळे शब्द त्यानंतर येतात, आणि ते मुलांचे झालेले असतात.

दुसरा आवडता तास ‘लाभार्थी’ या शब्दावर असतो. महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामं निघाली, त्यामागे वि. स. पागे यांचा विचार होता. १९७७ मध्ये कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला आणि २००५ मध्ये देशाने तीच कल्पना उचलली. त्या कायद्यात काम मागणारा लाभार्थी नव्हता, हक्कदार होता. मग सरकारी फलकांवर ‘लाभार्थी’ कधी आणि कसा आला? मुलांना गावातल्या फलकांचे फोटो काढून आणायला सांगतो. दरवर्षी नवीन फोटो येतात, दरवर्षी तास वेगळा होतो.

परीक्षेत निबंधाऐवजी दोन पानी टिपण लिहून घ्या: ‘तुम्ही जिल्हाधिकाऱ्यांना सल्ला देत आहात, एक अट बदला आणि खर्च सांगा.’ पाठांतर करून आलेला विद्यार्थी इथे घाम पुसतो. मराठीत लिहू द्या. इंग्रजी शब्दांच्या आड लपायची सवय पदव्युत्तर वर्गात लागली की प्रबंधापर्यंत सुटत नाही.

अजून एम.ए.च्या पहिल्या वर्षाला असाल तर सुरुवात आजच करता येईल. तुमच्या घरात ज्या एका योजनेचे पैसे किंवा धान्य येतं, तिचा शेवटचा शासन निर्णय उतरवून घ्या, ‘वाचा’ यादीतले सगळे मागचे निर्णय जमवा आणि एका वहीत तारखांप्रमाणे लावा. मग ती वही घेऊन आईपुढे बसा आणि विचारा, यातलं प्रत्यक्षात काय झालं.